माझ्या दोन पुल्या

मित्रांनो, मी स्पूलचा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं वय खुशाल विचारा, पण माझा खरा वेग कोणता, हे मात्र विचारू नका. त्या प्रश्नाने माझं डोकं पार चक्रावून गेलं आहे.

माझा जन्म दूरच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. तिथली वीज एकशे दहा व्होल्टची. नुकतंच लग्न झालेल्या एका जोडप्याने मला घरी आणलं. बाईंना माझं कोण कौतुक! रोज मऊ फडक्याने पुसायच्या. मुलगी झाली, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी माझ्या फितीवर एक गाणं भरलं. सुरुवात करण्याआधी घाईघाईने नवऱ्याला विचारलं, "अहो, चालू आहे का हे?" नवऱ्याने नुसती मान हलवली. मान हलवल्याचा आवाज होत नाही, त्यामुळे फितीवर फक्त प्रश्न राहिला.

पुढे मुलगी मोठी झाली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. बाई वारल्या. मुलगी बाबांना आपल्या नव्या देशात घेऊन आली, तेव्हा त्यांनी सामानातले स्वेटर कमी केले, पण मला घेतलं.

इथली वीज दोनशे वीस व्होल्टची! सरळ प्लग लावला असता, तर माझा धूरच निघाला असता. पण जावई सावध माणूस. त्याने माझ्या पाठीवरची पाटी वाचली आणि व्होल्टेज उतरवणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणला. मी चालू झालो. पण बाईंचा आवाज असा जाड आणि रेंगाळत निघाला, की मीच दचकलो.

"ही आई नाही," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडला. आईचा आवाज म्हणून तिच्याकडे एवढाच होता.

जावयाने युक्ती काढली. "बाबा, फितीच्या शेवटी जागा आहे. तुम्ही काहीतरी बोला. तुमचा आवाज नीट आला, तर यंत्र ठीक आहे."

बाबा माइकजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "चालू आहे गं. बोल तू."

त्यांचा आवाज जसाच्या तसा आला. म्हणजे मी निर्दोष! फीतच जुनी झाली, असं सगळ्यांनी ठरवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. काय चुकतंय, ते काही कळेना.

मुलीला चैन पडेना. तिने मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या काकांनी दोन्ही आवाज ऐकले आणि हसले.

"ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं ताई, पण विजेचा ताल बदलत नाही. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इकडची पन्नास. याची मोटर त्या तालावर फिरते, म्हणून हा इथे हळू चालतोय. बाबांचं बोलणं हळू वेगात भरलं आणि त्याच वेगात वाजवलं, त्यामुळे ते बरोबर वाटलं." त्यांनी माझ्या मोटरवरची पितळी पुली, म्हणजे फीत पळवणारं छोटं चाक, काढून जरा मोठी बसवली, म्हणजे फीत पुन्हा पूर्वीच्या वेगाने पळेल. "ही जुनी असू द्या तुमच्याजवळ."

घरी येऊन मला लावलं आणि बाई बोलल्या! तीच घाई, तोच लाडिक सूर. मुलगी ढसाढसा रडली. मग फीत शेवटाला आली आणि बाबा चिमणीसारखे चिवचिवले. सगळ्यात जास्त बाबाच हसले. "जन्मभर घाई तिला, आता मला लागलीये बघा!"

"परत भरू या, बाबा."

"भरू की. उद्या भरू."

ते राहूनच गेलं. त्याच थंडीत बाबा गेले.

आता मुलगी मोठी पुली लावून आईला ऐकते. मग स्क्रू काढते, लहान पुली लावते आणि बाबांना ऐकते. मधल्या वेळात मी गप्प असतो आणि गोंधळून जातो, की मी इथला की तिथला?

मित्रांनो, जुनं यंत्र लावण्याआधी त्याच्या पाठीवरची पाटी जरूर वाचा आणि दुरुस्तीत निघालेला भाग फेकून देऊ नका. माझी सुटी पुली एका काडेपेटीत, माझ्या मुठीला बांधलेली असते. दोन्ही जपा, एवढंच माझं मागणं आहे. लहान पुली हरवली, तर बाई विचारत राहतील, "अहो, चालू आहे का हे?" आणि त्यांना उत्तर द्यायला कुणीच नसेल.