लहरीनाथांचा पत्रा

देवळाच्या सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या वाटेवरची ही वाडी डोंगराच्या कुशीत खोल बसलेली, आणि देऊळ तर वहाळाच्या काठाला, तिच्याहून खाली. तिथं मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. आणि आज त्याच देवळात लहरीनाथ महाराज फोन वाजवून दाखवणार होते!

"बाळांनो, शंखातून निघते ती लहर. टॉवरातून निघते तीही लहर. मग आधी कोण, शंख की टॉवर?"

"शंख!" सगळे ओरडले.

"मग टॉवर कुणाचा चेला?"

याचं उत्तर कुणालाच येईना, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांची कफनी भगवी, दाढी पोटापर्यंत, आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्यांचा चेला अनिलनाथ थाळी घेऊन फिरला. फोन कुलूप उघडून थाळीत ठेवायचे, कारण कुलपाला लहर अडखळते म्हणे. थाळी पडद्यामागे गेली, बऱ्याच वेळानं परत आली, आणि प्रत्येक फोनवर भस्माचा टिळा. मग महाराजांनी शंख फुंकला.

टिंग! टिंग टिंग! सभामंडपभर फोन किणकिणायला लागले. ठकूबाईंच्या फोनवर तर मुंबईचा लेक साक्षात दिसायला लागला. "अरे चांगू! वाळलास की रे!" म्हणत म्हातारी ढसाढसा रडली. तिचं रडणं पाहून बाकीच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले.

मागच्या खांबाला टेकून रेश्मा उभी होती. कॉलेज शिकलेली, शहाणी मुलगी. एरवी असल्या बुवाला तिनं उभं केलं नसतं. पण गळ्याशी पाणी आलेला माणूस काठी धरतो, तेव्हा ती काठी आहे की साप हे बघत बसत नाही.

तिचं असं झालं होतं. मुंबईतल्या एका दवाखान्याच्या रुग्णांना संगणकावरून डॉक्टरांच्या वेळा देण्याचं काम ती घरी बसून करायची. वडील कुशाबा गेल्या साली झाडावरून पडले, तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलेलं. आई नाही, भाऊ नाही. कूस बदलायची तर रेश्माच, भात पुढ्यात ठेवायचा तर रेश्माच. हे काम घरबसल्या होतं म्हणून तर दोघांचं चाललं होतं. आणि घरातलं नेट ऐन दुपारी मान टाकायचं. रुग्ण ताटकळायचे. तिचा साहेब विनीत, माणूस बरा, पण त्यालाही वरून बोलणी बसत. "रेश्माताई, सोमवारपर्यंत शेवटचं बघतो. मग मुंबईच्या ऑफिसात येऊन बसा, नाहीतर..." त्यानं वाक्य पुरं केलं नव्हतं. मुंबईला जायचं तर आबांना कुणाच्या दारात ठेवायचं?

त्यापायी ती महाडला जाऊन दीपकच्या दुकानात राऊटर बघूनही आली होती. सहा शिंगांचा काळा राऊटर दाखवत ती म्हणाली, "हा सगळ्यात फास्ट ना?"

"फास्ट आहे, महागही आहे," दीपक म्हणाला. "पण ताई, तुमच्याकडे येणारी लाईनच बारीक. नळाला धार करंगळीएवढी, तर खाली हंडा ठेवा नाहीतर टाकी ठेवा, पाणी तेवढंच. तुम्हाला वेग नको, टिकाव हवा. हा दोन शिंगांचा साधा घ्या आणि लाईट गेल्यावर चालू ठेवणारी ही छोटी बॅटरी. बरं, आत्ताचा ठेवलाय कुठं?"

"अगदी सुरक्षित जागी," रेश्मा म्हणाली.

तिचं काही ठरेना. स्वस्तातलं घेतलं आणि तेही पडलं तर? महागातलं घेतलं आणि औषधं राहिली तर? उद्या येते म्हणून ती पैसे तसेच मुठीत घेऊन परतली, आणि दुसऱ्याच दिवशी वाडीत शंख वाजला.

"राऊटर बदलून काय होणार, ताई?" अनिलनाथ मधाळ आवाजात म्हणाला. "घर तेच, दोष तोच. लहरयंत्र घ्या."

लहरयंत्र म्हणजे तांब्याचा चौकोनी पत्रा, वर त्रिशूळ आणि वाय-फायची खूण कोरलेली. राऊटरचे सगळे पैसे त्या पत्र्यात गेले.

पत्रा बसवायला अनिलनाथ घरी आला. राऊटर होता देव्हाऱ्यात. त्याचं असं की, खंडेनवमीला आपल्याकडे कोयता, नांगर, शिलाई मशीन, ज्याच्यावर पोट चालतं ते पुजतात. रेश्मानं राऊटर पुजला. पितळी देव, तांब्याचा कलश, मागे चांदीवर्खाचा आरसा, त्यांच्या मधोमध त्याला बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुजलेली वस्तू हलवायची कशी, म्हणून तो तिथंच राहिला. माळ वाळली, राऊटर देवांतला एक होऊन बसला.

अनिलनाथानं तो बाहेर काढून ओट्यावर ठेवला, बटण बंद केलं, लांबलचक मंत्र म्हटला आणि परत चालू केला. काय आश्चर्य! नेट धावायला लागलं. रेश्माचे डोळे भरून आले. मग त्यानं राऊटर पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून त्याच्यावर पत्रा दाबला.

"सव्वा महिना हा पत्रा उचलायचा नाही. शंका घेतली की लहर तुटते. आणि तुटलेली लहर," त्यानं बाजेवरच्या कुशाबांकडे बघितलं, "घरातल्या दुबळ्या माणसावर पडते."

दुसऱ्या दिवसापासून नेटची दैना झाली. पूर्वी दुपारी जायचं ते आता सकाळीच जाऊ लागलं. रेश्मानं उपास धरला, देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं, नाक घासलं. "माझी श्रद्धा कमी पडते का रे देवा?" विनीतचा निरोप आला, त्यात नुसतं 'सोमवार' एवढंच लिहिलेलं. ती चुलीपाशी बसून तोंडात पदर कोंबून रडली, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

पण बाजेवरच्या माणसाला ऐकण्यावाचून काम काय?

"रेश्मा, हिकडं ये गो," कुशाबांनी हाक मारली. "माजं एक ऐक. मना कुठंतरी आश्रमात ठेव आनि तू जा मुंबईला."

"आबा, असलं बोलू नका!"

"बरं, ते ऱ्हाव दे. दुसरं ऐक. मी दिसभर त्या डब्याकडंच बघत पडलेला आसतो, दुसरं हाय काय बघायला? त्या मानसानं डबा ओट्याव ठेवला तवा दिवा हिरवागार व्हता. देवात ठेवला, पत्रा घातला, की घटकाभरानं लाल. पत्रा घातल्यापासून जास्तच लाल. तू हात लावून बघ गो, तापला आसल."

रेश्मा उठली आणि देव्हाऱ्यापाशी थबकली. हात पुढे जाईना. आबांचा श्वास तिला पाठीमागे ऐकू येत होता.

"उचलला आणि तुम्हाला काही झालं तर, आबा?"

"व्हईल ते माज्यावरच व्हईल ना? मंग तो मीच सांगतो, उचल! झाडावरनं पडलो तवा कुनी पत्रा उचलला व्हता?"

तिनं डोळे मिटून पत्रा उचलला. चटका बसला! खालचा राऊटर भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. तिनं आबांकडे बघितलं. आबा डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होते.

"जिता हाय मी. पुढचं कर."

तिनं देवाला हात जोडले, माळ काढली, मागची वायरीची गुंडाळी सोडवली आणि राऊटर बाजेच्या वरच्या खुंटीला मोकळ्यावर टांगला. बंद केला, निवू दिला, चालू केला. दिवा हिरवा. तासानं बघितलं, हिरवाच. तापलेल्या डब्याची धग बाहेर पडत नव्हती आणि लहरींच्या वाटेत चहूबाजूंनी धातूच्या भिंती उभ्या होत्या. अनिलनाथाच्या मंत्रानं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते बंद करून चालू करण्यानं आणि मोकळ्या ओट्यानं.

मग तिला देऊळ आठवलं. तिथं तर राऊटरच नाही, मग फोन वाजले कसे? तिनं आपला टिळा लावलेला फोन काढला. जोडलेल्या वाय-फायच्या नावांत घरचं नाव होतं, आणि खाली आणखी एक होतं: लहरीनाथ.

रविवारी महाराज पुन्हा आले. रेश्मा ठकूबाईंच्या कानाशी लागली. "आत्या, आज तुमचा टिळा लागलेला फोन नको, नवीन सुनेचा आणा. आणि थाळीत देऊ नका, हातातच धरा."

शंख वाजला. सगळीकडे टिंग टिंग झालं. ठकूबाईंच्या हातातला फोन मुका.

"महाराज, माज्यावर का रुसली वो लहर?" म्हातारी म्हणाली.

"शंका! माई, तुमच्या मनात शंका आहे!"

"माज्या मनात नाय काय. फोन थाळीत नाय घातला, येवढंच."

रेश्मानं आपला फोन उंच धरला आणि ते नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "ज्यांचे फोन वाजले त्यांनी बघा, तुमच्याकडेही हेच नाव आहे. आणि माझ्याबरोबर वरच्या वळणावर चला."

वळणावर महाराजांची जीप उभी होती. समोरच्या डोंगरावरच्या टॉवरच्या रेंजची एखादी काडी तिथं मिळते, हे वाडीतल्या शेरडांनाही ठाऊक. जीपच्या टपावर उंच भगवा झेंडा होता. झेंड्याच्या काठीला अँटेना बांधलेली, तिची वायर खाली आलेली, आणि वायरीच्या टोकाला, उघड्या टपावर, वाऱ्याला ठेवलेला एक राऊटर. टॉवरची लहर धरून खाली देवळापर्यंत वाय-फाय सोडणारा. चेला पडद्यामागे एकेक फोन त्याला जोडून देत होता, झाकायला वर भस्म फासत होता, आणि शंख वाजला की आपल्या फोनवरून नेट चालू करत होता.

अनिलनाथ धावत आला. "हात लावू नका! सिद्ध वस्तू आहे!"

"नाही लावत," रेश्मा म्हणाली. "फक्त एक सांगा. आम्हाला पत्रा विकलात, मग तुमच्या राऊटरवर पत्रा का नाही?"

अनिलनाथ मागे सरकला. मग ठकूबाईंनी कमरेला पदर खोचला. "बोल की रे मुडद्या! माज्या लेकाचं तोंड दाखवून मना रडवलीस!" त्यानंतर जे झालं त्यात महाराजांच्या घड्याळानं पुष्कळ पावलं मोजली असतील. सगळ्यांचे पैसे मिळेपर्यंत जीपची किल्ली ठकूबाईंच्या कमरेला होती.

त्याच दुपारी रेश्मा वडापच्या गाडीनं महाडला गेली. "दीपकभाऊ, जो कमी पळेल पण पडणार नाही, तो द्या. आणि ती बॅटरी."

सोमवारी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. रेश्मा पडद्यावर एका आजीबाईंना डॉक्टरांची वेळ देत होती, ती लिहिता लिहिता थांबली. वर मान करून खुंटीवरच्या नव्या राऊटरचा दिवा बघायचा तिला धीर होईना.

वाचकहो, देवाला देव्हाऱ्यात ठेवा, यंत्राला मोकळ्यावर ठेवा, आणि जो म्हणेल की प्रश्न विचारलात तर माणूस मरेल, त्यालाच पहिला प्रश्न विचारा. खरी गोष्ट विचारल्यानं तुटत नाही. रेश्मानं विचारायला उशीर केला असता, तर कुशाबा आज कुठल्यातरी परक्या आश्रमात भिंतीकडे तोंड करून पडले असते.

बाजेवरून आवाज आला.

"लिही गो तू. हिरवा हाय."