अडतीस दारं

नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात ग्लेन सौकुप बावीस वर्षं शाळेची बस चालवत होता. डार्लीन वावरा हिची तिन्ही मुलं त्याच्याच बसनं शाळेत गेली. तरीही सप्टेंबरातल्या एका दुपारी पिवळी बस बारच्या दारात उभी दिसली, तेव्हा तिनं आपल्या गाडीत बसूनच फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पोरांना घरी सोडायच्या आधी ग्लेन काय पितोय?'

ती घरी जाऊन भांडी आवरेपर्यंत दीडशे जणांनी तोंडसुख घेतलं होतं. कुणाला त्याचे डोळे लाल दिसले होते, कुणाला तो मागे एकदा अडखळल्याचं आठवलं. अडतीस जणांनी फोटो पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी बस निम्मी रिकामी गेली, आणि आठवड्याच्या आत शाळेनं ग्लेनला घरी बसवलं.

चौकशीत निघालं ते एवढंच: इंजिन तापलं होतं, बस रिकामी होती आणि तो आत पाणी मागायला गेला होता. शाळेनं त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. रविवारी चर्चमध्येही दिसेनासा झाला.

डार्लीननं ग्रुपवरचा फोटो काढला आणि चार ओळींत माफी मागितली. ती जेमतेम नऊ जणांनी वाचली. मग डार्लीन ग्लेनकडे गेली. तो गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता.

"चुकलं माझं, ग्लेन," ती म्हणाली. "मी आधी विचारायला हवं होतं."

त्यानं पातं खाली ठेवलं. "मला सांगून काय उपयोग, डार्लीन? मी प्यायलो नव्हतो हे मला ठाऊकच आहे."

घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. फोटो पुढे पाठवणाऱ्यांची नावं फोनमध्ये अजून होती. तिनं ती कागदावर उतरवली. तिच्या नवऱ्याला, व्हर्नला, हे काही पटेना.

"सगळ्यांना एक मेसेज टाक की. दारोदार कशाला फिरतेस? लोक हसतील."

"हसू देत. त्या दिवशी मी गाडीतून उतरून दोन पावलं चालले असते, तर हे झालंच नसतं. आता चालते."

पहिलं दार लॉरेन हायेकचं. तिला वाटलं, डार्लीन चर्चची वर्गणी मागायला आलीय. खरं ऐकल्यावर ती ओशाळली. टीव्ही बघता बघता बोट दाबलं होतं, नीट वाचलंही नव्हतं, असं म्हणाली. पुढे बहुतेकांनी हेच सांगितलं. लॉरेननं कॉफी ठेवली. तिच्या नातवंडांच्या फोटोंना डार्लीन फोनवरून रोज लाल बदामाचं चिन्ह पाठवायची, पण त्या स्वयंपाकघरात ती सहा वर्षांत बसली नव्हती. लॉरेनचा नवरा आता काठी घेऊन चालतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

रिच पोस्पिशिलनं मात्र तिला आत घेतलं नाही.

"फोटो काढून टाकलास ना? मग विषय संपला."

"तुझ्या डोक्यातून निघाला का? परवा दुकानात ग्लेन दिसल्यावर तू रांग बदललीस."

त्यानं दार लावून घेतलं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच पायरीवर येऊन बसला आणि हळूच म्हणाला की, आपल्याला त्या रांगेचीच लाज वाटत होती.

नोव्हेंबरात रिच आणि लॉरेन ग्लेनच्या घरी जाऊन आले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. तिथं काय बोलणं झालं ते डार्लीनला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. जानेवारीत ग्लेननं बसच्या किल्ल्या पुन्हा हातात घेतल्या.

सकाळी बस डार्लीनच्या घरावरून जायची. ग्लेन समोर बघून चालवायचा, तिच्या खिडकीकडे त्याची मान कधी वळली नाही.

"एवढी पायपीट केलीस," व्हर्न म्हणाला, "आणि तो बघतसुद्धा नाही."

"त्यानं बघावं म्हणून नव्हते गेले," डार्लीन म्हणाली. थोडं लागलं होतं, ते तिनं लपवलं नाही. मग तिनं बूट चढवले. कागदावरची दोन नावं अजून बाकी होती, आणि त्यातलं एक घर गावाबाहेर, बर्फाखाली बुजलेल्या रस्त्याच्या टोकाला होतं. व्हर्ननं कोट उचलला आणि फावडं घेऊन तो तिच्या मागोमाग निघाला.