तोट्यातली ओवाळणी

माझी थोरली बहीण सुनीतीताई कॅनडात पॅथॉलॉजिस्ट होती. सगळी नोकरी काचपट्टीवरच्या पेशी न्याहाळण्यात गेली आणि रिटायर झाल्यावर तीच नजर तिने घरच्या टॅक्सवर रोखली. लोक मार्च आला की बागेला लागतात, ही रिटर्न भरायला लागते, तेही गाणं गुणगुणत. मला माझा पगार किती हे कळतं, आणि त्यातून काय काय कापलं जातं ते कळून घ्यायची अजिबात इच्छा नाही. त्यामुळेही असेल, पण या बाईचं मला फार कौतुक आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

गेल्या दिवाळीला ती आणि राजीव भावोजी आमच्याकडे इंग्लंडमध्ये, मेडनहेडला आले. निमित्त होतं त्यांच्या मुलीचं, वरदाचं. ती एडिनबराला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिने तिथे विकत घ्यायला एक फ्लॅट पसंत केला होता आणि डिपॉझिटचे, म्हणजे सुरुवातीला भरायचे पैसे आई-बाबांनी कबूल केले होते. त्यासाठी भावोजींनी टोरांटोजवळचा, त्यांच्या नावावरचा, भाड्याने दिलेला फ्लॅट विकला. त्यात नफा झाला. नफा झाला म्हणजे टॅक्स आला, आणि तो कमी व्हावा म्हणून ताईने त्यांना त्यांचे शेअर्सही विकायला लावले.

आता नफा झाला तर शेअर्स का विकायचे, हे मला कळेना. चकल्या पाडता पाडता ताईने समजावून सांगितलं. कॅनडात बँकेचं व्याज मिळालं तर सगळ्या व्याजावर टॅक्स. तिथल्या कंपनीने डिव्हिडंड दिला तर थोडी सवलत, कारण कंपनीने त्यावर आधीच टॅक्स भरलेला असतो. आणि घर किंवा शेअर विकून नफा झाला तर त्यातल्या अर्ध्यावरच टॅक्स. शिवाय दुसरीकडे कुठे तोटा झाला असेल, तर तो आधी त्या नफ्यातून वजा करू देतात. भावोजींच्या शेअर्समधला तोटा चांगला घसघशीत होता. तो वजा झाला की वरदाला कबूल केलेली रक्कम नेमकी उरत होती.

"माणसाचा तोटासुद्धा ते मोजून घेतात, मनीषा," ताई म्हणाली. "मला ही फार सभ्य गोष्ट वाटते."

टॅक्सला सभ्य म्हणणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

पण ते शेअर्स साधे नव्हते. भावोजी पुण्याहून इंजिनियर होऊन गेले, आणि तिकडे त्यांच्या डिग्रीला कोणी हिंग लावून विचारलं नाही. चार वर्षं त्यांनी एका गोदामावर वॉचमनची नोकरी केली. मग पंप बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना आत घेतलं, समोर बिघडलेला पंप ठेवला आणि दुरुस्त कर म्हणून सांगितलं. त्या कंपनीतूनच ते रिटायर झाले. दर पगारातून थोडे पैसे कापून कंपनीचेच शेअर्स घेत गेले. पुढे कंपनीला उतरती कळा लागली, भाव घसरत गेला, तरी हे विकायला तयार नाहीत. ताई दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. शेवटी इकडे यायच्या आधी, लेकीसाठी म्हणून, त्यांनी विकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं ताई म्हणाली. सांगताना तिचा आवाज जरा खाली आला.

आमच्याकडे आल्यावर ते हसायचे, बोलायचे, फराळ चाखायचे, पण मध्येच फोन काढून त्या कंपनीचा भाव बघायचे. आपलं काही उरलं नाही तिथे कशाला डोकवायचं? माझ्या नवऱ्याला, अंबरीशला, ते बघवेना. अंबरीश लंडनमध्ये एका बँकेचं सॉफ्टवेअर बघतो, त्यामुळे पैशाच्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. आणि मन लोण्याचं. हे दोन्ही एकत्र आलं की घरात काहीतरी होतं.

पाडव्याला ताईने भावोजींना ओवाळलं. भावोजींनी ओवाळणी म्हणून ताटात चक्क फोन ठेवला. पडद्यावर ताईचं शेअर्सचं खातं होतं. ती आजारी पडली तर पंचाईत नको म्हणून त्या खात्यात व्यवहार करायची परवानगी तिनेच त्यांना देऊन ठेवली होती. विकले तितकेच शेअर्स, त्याच कंपनीचे, त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या पैशांतून तिच्या नावावर परत घेतले होते. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला गहिवरून आलं. अंबरीश तर स्वतःच लग्नाला उभा असल्यासारखा मिरवत होता, कारण युक्ती त्याची होती. तोट्यात विकलेला शेअर तीस दिवसांत आपणच परत घेतला तर तो तोटा धरत नाहीत, पण बायकोने घेतला तर हरकत नसते, असं त्याने भावोजींना सांगितलं होतं.

ताईने फोनकडे पाहिलं. मग भावोजींकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडात बेसनाचा लाडू भरला.

"छान आहे ओवाळणी," एवढंच म्हणाली.

मी तिची बहीण. ते 'छान' मला खटकलं. दुसऱ्या दिवशी नदीकाठी फिरायला गेलो तेव्हा मी तिला खोदून विचारलं. अंबरीशने सांगितलेला नियम इंग्लंडचा होता आणि इंग्लंडमध्ये तो बरोबरच होता. पण ताई-भावोजी टॅक्स भरतात कॅनडात. तिथे नवऱ्याने विकलेला शेअर बायकोने घेतला, तरी त्याने स्वतःच घेतल्यासारखा धरतात. तोटा मग आत्ता वजा होत नाही. तो बायकोच्या शेअर्सच्या खरेदी किमतीत मिळवला जातो आणि ती कधी विकेल तेव्हा कामाला येतो. म्हणजे तोटा बुडत नाही, पण वरदाला द्यायच्या पैशांतला मोठा तुकडा एप्रिलमध्ये टॅक्सला जाणार.

"आम्ही दोघं एक आहोत असं माझ्या सासूबाईंनाही कधी वाटलं नाही," ताई म्हणाली, "कॅनडाच्या सरकारला मात्र वाटतं."

उपाय होता. भावोजींनी विकल्यापासून तीस दिवस संपायच्या आत तिने ते शेअर्स विकून टाकले, तर तोटा मान्य. हातात अजून दोन आठवडे होते. वरदाचा फ्लॅट किंवा भावोजींचा पाडवा, दोन्हीपैकी एकच राहणार होतं. मी असते तर तिथल्या तिथे दोघा पुरुषांना धारेवर धरलं असतं. ताई म्हणाली, आज भाऊबीज आहे, त्यांना चार दिवस खूश राहू दे. आणि खरंच, त्या चार दिवसांत तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. भावोजी शेअरचा भाव सांगायचे, ही कौतुकाने ऐकायची. एवढा संयम माझ्या आख्ख्या खानदानात दुसऱ्या कोणाकडे नाही.

मग एका संध्याकाळी वरदाचा फोन आला. फ्लॅटसाठीची तिची ऑफर मालकाने स्वीकारली होती. पोरगी आनंदाने नुसती चिवचिवत होती. फोन ठेवल्यावर ताईने सगळं सांगितलं. अंबरीश चुकला असं ती म्हणाली नाही, इकडचा नियम तिकडे लागू होत नाही, इतकंच म्हणाली. अंबरीशने लगेच लॅपटॉप उघडून शोधाशोध केली आणि त्याचे कान लाल झाले. भावोजी बराच वेळ टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत राहिले.

"मग विक," ते म्हणाले. "लेकीला शब्द दिलाय आपण."

नंतर वर झोपायला गेले, दिवाळीचे कंदील अजून लागलेले असताना.

टोरांटोचा शेअर बाजार इकडच्या दुपारी अडीचला उघडतो. दुसऱ्या दिवशी अडीचला ताई आमच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. भावोजी मागच्या अंगणात पानं गोळा करायला गेले. आमच्या अंगणात झाड एकच आहे, पानं सकाळीच गोळा झाली होती. मी ताईला म्हटलं, मन घट्ट कर. ती म्हणाली, मन घट्टच आहे, जरा गप्प बस, मला हिशोब करू दे. विकायला हिशोब कसला लागतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

थोड्या वेळाने भावोजी आत आले. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"झालं?"

"झालं. बघा."

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून पडद्यावर पाहिलं. त्यांची कंपनी यादीत होतीच. नावापुढे एकचा आकडा होता.

"एक विकायचा राहिलाय," ते म्हणाले.

"राहिला नाही. ठेवलाय. ओवाळणी कोणी सगळी मोडतं का?"

अंबरीशने भीत भीत विचारलं की मग तोट्याचं काय. ताईने सांगितलं की जितके शेअर्स हातात उरतात, तितक्यांचाच तोटा नाकारतात. एकाच्या तोट्याने वरदाच्या घराची एक खिडकीसुद्धा कमी होणार नव्हती. सरकारचा नियम आणि नवऱ्याचं मन, दोन्ही न मोडता इतक्या अरुंद जागेतून वाट काढणारी माझी बहीण! मला तिला मिठी मारावीशी वाटली.

भावोजी पडद्याकडेच बघत होते. "तुझ्या नावावर आहे तो," ते म्हणाले. "सांभाळ त्याला."

"नाव माझं," ताई म्हणाली. "पण नवऱ्याने दिलेल्या पैशांतून बायकोने शेअर घेतला, तर त्याची कमाई तिकडे नवऱ्याचीच धरतात. डिव्हिडंड मिळाला की तो मी तुमच्या रिटर्नमध्ये दाखवणार, दर वर्षी. सरकारच्या लेखी तो तुमचाच आहे, अहो." तिने लॅपटॉप त्यांच्या बाजूला सरकवला. "आणि माझ्याही लेखी."

भावोजी खुर्चीवर बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर रडले. ताईने एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला. लॅपटॉप तिने मिटला नाही, तो एकचा आकडा त्यांच्यासमोर तसाच राहू दिला.