शनिवारची धार

शाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या सरांना मुलं भुसासर म्हणायची, आणि सरांना ते ठाऊक होतं. कॉलरपासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत लाकडाचा भुसा घेऊन फिरणाऱ्या माणसाला मुलं दुसरं काय म्हणणार? पण ही जुनी गोष्ट झाली. गेली काही वर्षं सरांच्या अंगावर भुसा पडायचा प्रश्नच नव्हता, कारण शाळेतून लाकूडच हद्दपार झालं होतं. कार्यानुभवाच्या तासाला आता रंगीत कागद, डिंक आणि गोल टोकाच्या कातऱ्या. त्या कातऱ्यांनी कागद कापला जात नसे, नुसता चघळला जाई. नव्या मुलांना त्या नावामागचं कारण माहीत नव्हतं. सरांच्या डोक्यात भुसा भरलाय म्हणून ते नाव पडलं असावं, असा त्यांचा समज होता, आणि सर तो ऐकून न ऐकल्यासारखं करत.

याच शाळेत एके काळी ज्याच्या खिशात चाकू नसे तो मुलगा वर्गाबाहेर उभा राहायचा. घडीचा, बोटभर पात्याचा, साधा चाकू. पेन्सिलीला टोक काढायला तोच, डब्यातलं सफरचंद कापायला तोच, दप्तराचा पट्टा तुटला की भोक पाडून दोरी ओवायलाही तोच. गणिताच्या बाईसुद्धा "कुणाचा तरी चाकू द्या रे" म्हणून हात पुढे करायच्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला मुलं रांगेत उभी राहत आणि भुसासर एकेकाच्या चाकूची धार तपासत. पातं अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर पास. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि मग ते सटकून हातात घुसतं, म्हणून सर बोथट चाकूवाल्याला जास्त रागवायचे. वार्षिक समारंभात सर्वांत चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून चाकूच मिळे. मुठीवर शाळेचं नाव कोरलेलं असे. पाहुण्यांच्या हातून मुलगा तो घ्यायचा, आया टाळ्या वाजवायच्या, फोटो निघायचा. त्या फोटोंत कुणालाही काही वावगं दिसलं नव्हतं.

मग दिवस पालटले. दुसऱ्याच कुठल्या तरी गावात, खेळताना झालेल्या क्षुल्लक भांडणातून, एका मुलाने मित्राच्या पोटात चाकू खुपसला. ते पोर गेलं. त्याच्या आईचं रडणं घरोघरी टीव्हीवर दिसलं आणि सगळ्या आया धास्तावल्या. या भीतीला हसण्यात अर्थ नव्हता. सरही हसले नाहीत. पण भीती एकदा घरात शिरली की बसायला जागा मागते, आणि मग झोपायलाही. आधी लाकूडकाम बंद झालं, मग फाटकावर पहारेकरी आला, मग दप्तरं तपासणं आलं, आणि काही वर्षांनी पाटी आली. चाकू सापडला तर नाव काढून टाकणार, काही ऐकून घेणार नाही. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं सुईसारखं टोक मात्र रोज सगळ्यांच्या नाकाखालून आत जाई, कारण ते अभ्यासक्रमात होतं.

हा नियम करणारे मुख्याध्यापक भुसासरांचेच विद्यार्थी. डावखुरे. लहानपणी त्यांना चाकू उघडता येत नसे, कारण नख अडकवायची खाच उजव्या हाताच्या सोयीची, आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. सरांनी मधल्या सुट्टीत शेजारी बसवून, चाकू उलटा धरून डाव्या हाताने कसा उघडायचा ते शिकवलं. त्या वर्षीचं बक्षीस त्यांनीच पटकावलं. माणूस वाईट नव्हता. पालकांचे फोन, संचालकांची बोलणी, वर्तमानपत्राची भीती, यांत तो बिचारा पार पिळून निघाला होता. नियमाच्या बैठकीत त्याने सरांकडे एकदा पाहिलं. सर मूग गिळून बसले. निवृत्तीला काही महिने उरलेल्या माणसाने कशाला बोलायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते त्यांना लगेच पटलंही.

त्याच वर्षी एका लिफ्टमिस्त्रीची मुलगी त्यांच्या खोलीत येऊ लागली. शेवटच्या वर्गातली, अबोल, नखं कुरतडलेली. मधल्या सुट्टीत ती कोपऱ्यात बसून फळकुटाच्या तुकड्यावर कर्कटकाने काहीतरी कोरायची. सरांनी दोन-तीन दिवस दुर्लक्ष करून पाहिलं. ती चमचा करत होती, आणि ज्या अवजाराने करत होती ते पाहून सरांचा जीव तुटत होता. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. कपाटात मागच्या बाजूला बक्षिसाचा एक चाकू डब्यासकट उरला होता. तो त्यांनी तिच्या हातात ठेवला. घरी ठेव, घरीच काम कर आणि इथे फक्त लाकूड आणून दाखव, एवढं बजावलं. तिने मान हलवली.

ती पुढच्या वर्षी लाकडाचं काम शिकवणाऱ्या संस्थेत जाणार होती. तिथे परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेच्या दाखल्यावरचा वर्तणुकीचा शेराही बघत. सर तिला म्हणाले, त्याची काळजी तुला कशाला? रोज फडक्यात गुंडाळून ती नवा तुकडा आणायची. सर खिडकीशी जाऊन तो उजेडात फिरवून बघायचे, चुका काढायचे, आणि घरी जाताना शीळ घालायचे. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडून काही शिकत होतं. त्यांना फार बरं वाटत होतं.

एका शुक्रवारी तिने चमच्याची वाटी दाखवली. लाकडाचे तंतू कापले जाण्याऐवजी फाटले होते. धार गेली होती, दुसरं काही नाही. सरांनी तिला दगडावर पातं कसं फिरवायचं ते समजावून सांगितलं, आणि बोलता बोलता म्हणाले, "आज रात्री धार लाव आणि उद्या आणून दाखव." मुलगी क्षणभर थांबली. मग सर म्हणताहेत म्हणजे ठीकच असणार, असं समजून निघून गेली. आपण काय बोललो हे सरांच्या लक्षातही आलं नाही. आयुष्यभर दर शुक्रवारी जिभेवर असलेलं वाक्य होतं ते, आपोआप निघून गेलं.

शनिवारी सकाळी फाटकावर पहारेकऱ्याने तिचं दप्तर उघडलं.

मुख्याध्यापकांनी सरांना आत घेण्याआधी बाहेर व्हरांड्यात गाठलं. मुलगी म्हणते तुम्ही दिलात, आणायलाही तुम्हीच सांगितलंत, असं ते हळू आवाजात म्हणाले. शिक्षकाने मुलीला हत्यार दिलं असं आज कागदावर आलं, तर पोलीस येतील, चौकशी बसेल, निवृत्तिवेतन अडकेल, आणि मग गोष्ट माझ्या हातात राहणार नाही. बोलताना त्यांनी सरांचा दंड धरला होता. त्या पकडीत धमकी अजिबात नव्हती, खरी कळकळ होती, आणि सरांना नेमकी तीच जड गेली. धमकी असती तर कदाचित ते चिडले असते.

आत टेबलाच्या एका बाजूला पालकांच्या वतीने आलेल्या दाताच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला मुलगी आणि तिचा बाप. लिफ्टमिस्त्रीला कामावरून बोलावून घेतलं होतं. त्याचा कमरेचा पट्टा, पकड, पेचकस आणि तारा सोलायचा चाकू, सगळं फाटकावर जमा झालं होतं. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. मुख्याध्यापकांनी पात्याची लांबी दाखवायला चाकू उचलला आणि डाव्या हाताने सफाईने उघडला. डॉक्टरीणबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मुठीवर शाळेचं नाव स्पष्ट दिसत होतं.

"सर, तुमच्या कपाटाला कुलूप असतं का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

प्रश्न अगदी जपून निवडलेला होता. सरांना तो ताबडतोब कळला.

"नाही. मोडलंय कधीचंच," सर म्हणाले. हे खरं होतं.

म्हणजे कुणीही हात घालू शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नुसतं हत्यार नव्हे, तर वर चोरीही. त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात होता. मुलीने मान वर केली. ती रडत नव्हती. सर आले म्हणजे आता सगळं उलगडणार, अशा खात्रीने ती त्यांच्याकडे पाहत होती.

"सर, सांगा ना यांना. तुम्हीच दिलात ना?"

सरांनी तोंड उघडलं. हो, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. त्यांना लाज वाटत होती, पण भीती लाजेच्या आधी येऊन बसली होती. डोळ्यांसमोर घरातली बायको आली, पोलीस ठाण्यातलं बाकडं आलं, वर्तमानपत्रातला आपला फोटो आला. टेबलावरचं पातं ते बघत राहिले. तिने धार छान लावली होती.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "हल्ली मला बरंचसं आठवत नाही."

मुख्याध्यापकांनी चाकू मिटला. पुढचं सगळं भराभर झालं. परीक्षेच्या तोंडावर नाव काढलं गेलं. दाखल्यावर वर्तणुकीपुढे काय लिहायचं ते ठरलं. पोलिसांत जायचं नाही, हे तिच्यावर मोठे उपकार केल्यासारखं सांगण्यात आलं, आणि लिफ्टमिस्त्रीने त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. त्या संस्थेचं नाव कुणी काढलंच नाही. तिनेही नाही.

सर फाटकापर्यंत आले. त्यांनी यायला नको होतं, पण पाय थांबले नाहीत. पहारेकऱ्याने लिफ्टमिस्त्रीचा पट्टा परत दिला. त्याने तो कमरेला बांधला, आपला चाकू खोबणीत सरकवला, आणि वळून सरांसमोर उभा राहिला. पोरीने चोरी केली याहीपेक्षा तिने तुमच्यावर आळ घेतला याचं मला जास्त लागलंय, असं तो म्हणाला. घरी दिवसरात्र तुमचंच नाव असायचं हो तिच्या तोंडात. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. चाकू शाळेचा आहे, एवढंच मला म्हणाली होती. असल्या भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलायला ही शिकली कुठे, तेच मला कळत नाही.

अजूनही सांगता आलं असतं. इथे ना मुख्याध्यापक होते, ना डॉक्टरीणबाई, ना कागद.

"माफी माग सरांची," बाप म्हणाला, आणि त्याने मुलीला खांद्याला धरून पुढे केलं.

मुलगी बराच वेळ सरांकडे बघत राहिली. ती वाट पाहत होती, हे सरांना कळत होतं. मग तिने वाट पाहणं सोडलं.

"चुकलं माझं, सर," ती म्हणाली.

"असू दे," भुसासर म्हणाले. "पुन्हा करू नकोस."