कर्दळ छाटायला हवी

कॉलनीतलं तळं पुन्हा हिरवंगार झालं होतं. हिरवं म्हणजे झाडांनी नव्हे हो, शेवाळाने! काठच्या बाकावर बसायचं तर नाक दाबून. शेवटी सभासदांनी सेक्रेटरींना बजावलं, "चार महिन्यांत पाणी निवळलं नाही, तर तळं बुजवून पार्किंग करू."

वीस वर्षांपूर्वी साऱ्यांशी भांडून सेक्रेटरींनीच तळं खणून घेतलं होतं. ते तडक धाकट्या बहिणीकडे गेले. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"दादा, तळ्याला खत कोण घालतं?" तिने विचारलं.

"तळ्याला कोण कशाला घालेल? मी हिरवळीला घालतो. दर रविवारी, स्वतःच्या हाताने!"

"आणि वर पाइपने पाणी मारतोस. ते वाहत कुठे जातं?"

सेक्रेटरींनी हिरवळ डोळ्यांसमोर आणली. सगळा उतार तळ्याकडेच होता.

"तेच खत खाऊन शेवाळ माजतं. त्याच्या ताटातलं आपण दुसऱ्या झाडाला वाढू."

तिने जाळीच्या तरंगत्या तराफ्यावर कर्दळीचे कंद लावले, मुळं पाण्यात सोडून. हिरवळीचं खत बंद झालं. सेक्रेटरी रोज सकाळी पट्टी घेऊन हजर! आज मुळं किती लांबली? पाण्यात कुठवर खोल दिसतं? दोन महिन्यांत पाणी निवळू लागलं आणि कर्दळ लालभडक फुलली.

"आता छाटायची," बहीण म्हणाली.

"खबरदार हात लावलास तर! एवढ्या लाडाने वाढवलीय मी!"

मग काय, जुनी पानं गळून पाण्यात कुजली आणि काठाला पुन्हा हिरवा तवंग!

"अरे दादा, कर्दळीने पाण्यातलं खत पानांत साठवलं. पान तिथेच कुजलं की खत परत पाण्यात. मग मिळवलं काय?"

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारून घेतला. जिवावर आलं होतं, तरी त्यांनी स्वतः कात्री चालवली आणि फुलांसकट सगळा पाला लांबच्या खड्ड्यात नेऊन टाकला. पुढे दर पंधरवड्याला तेच केलं.

मुदत संपली त्या दिवशी सभासद तळ्यावर जमले. बुजवायचा हट्ट धरणाऱ्या वकीलकाकांनी वाकून पाहिलं.

"अहो, पाण्यातल्या या पायऱ्या नवीन बांधल्यात का?"

"वीस वर्षं इथेच आहेत," सेक्रेटरी म्हणाले. तळं बुजवायचा विषय मग कुणी काढलाच नाही.

वाचकहो, पाणी आपसूक बिघडत नाही, आपलंच जास्तीचं काहीतरी त्यात जाऊन पडतं. झाडं ते बिचारी शोषून घेतील. पण त्यांनी उचललेलं बाहेर काढणं आणि नवं पडू न देणं, एवढं तरी आपण करायला नको का?