सोयिलाला मिळालेले आठ गुण

मी एक जुना सोयिल आहे आणि मित्रांनो, कालपासून माझे माथे भडकले आहे. सोयिल म्हणजे भूर्जाचा पाच हात लांब सोटा, घोड्यावरच्या माणसाने चालवायचा. दीडशे वर्षे मी तोंड मिटून होतो. आता मात्र बोलल्यावाचून राहवत नाही, कारण उद्या तुम्ही सगळे शाळेतून आमच्या संग्रहालयात येणार, माझ्याखालची नवी पाटी वाचणार आणि ती खरी मानून घरी जाणार.

त्या पाटीचा कर्ता मेदेत. शहरातून आलेला, स्वतःला जुन्या हत्यारांचा जाणकार म्हणवणारा तरणा माणूस. जवळच्या झुंजीत कोणते हत्यार जास्त परिणामकारक, हे ठरवायला त्याने अंगणात मेंढ्या मारून टांगल्या, त्यांना कापूस भरलेले जाड अंगरखे आणि कातडी टोप्या चढवल्या आणि आमच्या नकला घेऊन घावावर घाव घातले. तलवार अंगरख्यात अडकली, तिला सहा गुण. भाला आरपार गेला, त्याला नऊ. अर्धचंद्री कुऱ्हाडीलाही नऊ. मग माझी पाळी आली. साध्या सोट्याने हाड मोडले नाही, म्हणून दोन. माझ्यासारखे खिळे ठोकलेला सोटा घेतला तर मेंढीचे डोके फुटले, म्हणून आठ. पाटीवर त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'खिळ्यांमुळे अत्यंत परिणामकारक'.

याला अक्कल म्हणायची का? भाला एकदा माणसात रुतला की घोडा पुढे निघून जातो आणि स्वाराचा हात रिकामा राहतो. कुऱ्हाड चालवायची तर इतके जवळ जावे लागते की समोरच्याच्या तोंडाचा वास येतो. टांगलेली मेंढी उलटा वार करत नाही. तिचे भाऊबंद दुसऱ्या दिवशी आपल्या दारात येऊन उभेही राहत नाहीत. मेदेतने हे काही मोजलेच नाही.

मला शोनबाय नावाच्या म्हाताऱ्याने घडवले. ओढ्याकाठचे सरळ भूर्ज निवडून त्याने ते तोडले, मेंढीची चरबी चोळली आणि धुरावर महिनाभर सुकवले. माझे काम एकच होते. घोडे पळवल्याचे भांडण झाले की दिवसाढवळ्या, आधी सांगून समोरच्या वस्तीवर जायचे आणि आडव्या आलेल्या स्वाराला खाली पाडायचे. खांद्यावर किंवा गुडघ्यावर हाणायचे, डोक्यावर कधीच नाही. पाते तर सोबत न्यायचेच नाही. माणूस मेला की दोन वस्त्यांत पिढ्यान्पिढ्यांचे वैर लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मी कितीतरी जणांना लोळवले. ते धूळ झटकत उठायचे, मला आणि शोनबायला मनसोक्त शिव्या घालायचे आणि लंगडत घरी जेवायला जायचे. त्या काळी माझे फार कौतुक होई.

शोनबाय गेला आणि मी त्याच्या नातवाच्या, बाइसालच्या हाती आलो. पोरगा धट्टाकट्टा, पण नाकाच्या शेंड्यावर राग. एका वसंतात त्याचे सात घोडे शेजारच्या वस्तीने हाकून नेले. ती वस्ती त्याच्या आजोळची, आणि तिचा म्होरक्या कोइबागर त्याचा सख्खा मामा. आमच्या लोकांत भाच्याला मोठा मान आहे. जन्मात तीनदा त्याने मामाकडे हवे ते मागावे आणि मामाने ते नाही म्हणू नये. बाइसालच्या आईने, उल्मेकेनने, त्याला हेच सांगितले. जा, चहा पी, घोडे माग आणि ये.

तो निघालाही होता. पण त्याचा मित्र सार्सेन सगळ्यांसमोर म्हणाला, "जा की, जा. मामी मांडीवर घेऊन दूध पाजेल आणि झोपताना हातात खेळायला लगामही देईल."

सगळे खो खो हसले. बाइसालचे कान लाल झाले. तो घरी परतला, नालांचे चार जुने खिळे शोधून काढले आणि माझ्या टोकाला ठोकले. लाकडाला ओरडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी अख्खा माळ गोळा केला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चालून गेला. समोरून मामाचा मुलगा एसिम घोडा फेकत आला. त्याच्याही हातात सोयिल होता. आतेभाऊ दिसताच त्याने सोयिल खाली केला आणि तोंडभर हसला. बाइसालने तोवर मला फिरवले होते. नेम खांद्यावर होता, हे मी शपथेवर सांगतो. पण घोडा बुजला, एसिम वाकला आणि खिळा कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीतून त्याच्या कानशिलात गेला. साधा सोटा असता तर टेंगूळ आले असते. एसिम उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी कोइबागर एकटाच आला. बाइसाल मान खाली घालून उभा होता. मामा जिवाचा बदला मागणार, असे सगळ्यांनी धरले होते. त्याच्या मागे सातही घोडे होते.

"हे घे तुझे घोडे," कोइबागर म्हणाला. "तीनदा मागायचा हक्क होता तुला, भाच्या. एकदा जरी दारात आला असतास, तर एसिमनंच खोगीर घालून दिले असते."

बहिणीकडे न बघता तो निघून गेला. उल्मेकेनला त्यानंतर माहेर उरले नाही. बाइसाल खिळे उपटायला आला तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "राहू देत. जन्मभर बघ त्यांच्याकडं." पुढे मी मेंढवाड्याच्या दाराला अडसर म्हणून पडून राहिलो. पावसात कुजलो, पोरांनी माझ्यावर नावे कोरली. त्याचा मला राग नाही.

राग येतो तो त्या पाटीचा. काल मेदेत ती बसवत होता तेव्हा संग्रहालय सांभाळणाऱ्या रिस्ती आपा शेजारी उभ्या होत्या. त्या बाइसालच्या पणती. मला इथे त्यांनीच आणले.

"बाळा, जे पडले आणि उठून घरी गेले, ते कुठल्या रकान्यात मांडलेस?" त्यांनी विचारले.

"तसा रकाना नसतो, आपा. इजा किती झाली तेवढंच मोजतात."

"मग एसिम कुठं लिहिलास?"

"कोण एसिम?" म्हणत मेदेतने शेवटचा स्क्रू आवळला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मला तेल लावले नाहीत तरी चालेल. पण उद्या तो पाटीवर बोट ठेवून माझे आठ गुण अभिमानाने वाचू लागला, की हात वर करा आणि विचारा, हे आठ गुण कोणाच्या डोक्यावर मोजले? तो नाव सांगेपर्यंत हात खाली घेऊ नका.