घरच्यांना कसलं कार्ड

सलोनीने आपल्याला कार्ड दिलं नाही, याचा वृंदाला केवढा अभिमान वाटला होता!

गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत लोक दाराबाहेरूनच कार्डं वाटतात. मिठाईचा डबा हातात कोंबतात आणि लिफ्ट खाली जायच्या आत सटकतात. सलोनी मात्र थेट स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून तिने बशीभर पोहे खाल्ले आणि म्हणाली, "काकू, सतरा तारखेला माझ्या ऑफिसचं उद्घाटन आहे, नोएडाला. पडदा तुम्हीच ओढायचा. आणि तुम्हाला कार्ड-बिर्ड काही देत नाहीये हं. घरच्यांना कसलं कार्ड?" हे शेवटचं वाक्य वृंदाने नवऱ्याला, श्रीरंगला, दोनदा ऐकवलं.

पोरगी तिच्याच हाताखाली तयार झाली होती. श्रीरंगच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीला आलेल्या वृंदाने एकोणीस वर्षांपूर्वी गुंतवणुकीचा सल्ला द्यायचं काम सुरू केलं आणि त्याला नाव ठेवलं 'कनवटी'. तिची आई लुगड्याच्या कनवटीला चार नाणी खोचून ठेवायची आणि नड आली की तिथूनच काढायची. सलोनी मराठी घरातली असली तरी जन्मली दिल्लीत, तिला हा शब्दही ठाऊक नव्हता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने अर्थ विचारला, तेव्हा वृंदाने आईची गोष्ट सांगत स्वतःच्या कमरेला रुमाल खोचून दाखवला होता. पुढची सात वर्षं सलोनी तिच्याकडेच होती. तिने स्वतःचं काही काढायचं ठरवलं, तेव्हा वृंदाला मुलगी सासरी निघाल्यासारखं भरून आलं.

सतराला तिने पडद्याची दोरी ओढली. पाटीवर लिहिलं होतं, 'कनवट कॅपिटल'.

एक वेलांटी सोडली तर ते वृंदाचंच नाव होतं. पण समोर चाळीस माणसं, फोटोग्राफर "आंटी, बोर्ड की तरफ देखिए" म्हणतोय आणि सलोनी पाया पडायला वाकलेली. अशा वेळी आपल्यासारखी भिडस्त माणसं काय करतात? टाळ्या वाजवतात. वृंदानेही वाजवल्या, शिवाय वाकलेल्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला. नंतर बाजूला घेऊन विचारलं तर सलोनी हसली. नाव बिल्कुल वेगळं आहे, वर तुमची आठवण म्हणूनच ठेवलंय, असं तिचं म्हणणं. वृंदाने विषय सोडून दिला. तिचं तिथेच चुकलं.

तीन महिन्यांनी तिची मैत्रीण इंदुमती निवृत्तीची सगळी पुंजी त्या नोएडाच्या ऑफिसात गुंतवून आली. आल्यावर कौतुकाने म्हणाली, तुझी नवी शाखा छान आहे. ही वृंदाची शाखा नाही, हे तिथे कोणीही तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र वृंदाची भीड संपली. सोडून दे म्हणणाऱ्या श्रीरंगला न जुमानता तिने मृणाल नावाची वकील गाठली. 'कनवटी' हे नाव वृंदाच्या मालकीचं म्हणून नोंदवलेलं होतं, त्यामुळे मृणालही निर्धास्त होती. कोर्टाने दोघींना आधी मध्यस्थासमोर बसवलं.

मध्यस्थ म्हणजे पांढऱ्या केसांचे एक शांत गृहस्थ होते. त्यांनी सलोनीला विचारलं, हे नाव सुचलं कसं? सलोनी उठून उभी राहिली. कमरेपाशी बोटांनी रुमाल खोचल्यासारखं करत ती म्हणाली, "सर, मेरी नानी यहाँ पैसे बाँधके रखती थीं."

वृंदाला वाटलं, कोणीतरी आपल्या आईलाच उचलून नेलं. सलोनीच्या आजीने आयुष्यभर बँकेत नोकरी केली होती, ती नऊवारी कधी नेसलीच नव्हती.

मग सलोनीच्या वकिलाने उद्घाटनाचा फोटो टेबलावर ठेवला. बाईंनी स्वतःच पडदा ओढलाय, टाळ्या वाजवल्यात, म्हणजे नावाला यांची संमती होती. याचं उत्तर वृंदाकडे तयार होतं. पडदा सरकेपर्यंत मला नावच माहीत नव्हतं, असं तिने ठामपणे सांगितलं. मध्यस्थांनी मान डोलावली.

वकिलाने फोटोशेजारी एक कार्ड ठेवलं. जाड, शेंदरी कागदाचं. वृंदा ते पहिल्यांदाच पाहत होती. वर ठसठशीत 'कनवट कॅपिटल', आणि खाली, 'उद्घाटन : सौ. वृंदा, संस्थापिका, कनवटी'. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी हे सगळीकडे गेलं होतं.

"काकूंना मी स्वतः घरी जाऊन दिलंय," सलोनी हिंदीत म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

आता वृंदाच्या लक्षात आलं. ते पोहे, ते ओट्याला टेकून बोलणं, ते 'घरच्यांना', सगळं ठरवून केलेलं होतं. कार्ड तिच्या हाती पडलं असतं तर तिने नाव तिथल्या तिथे वाचलं असतं. आणि जिच्या हस्ते उद्घाटन तिलाच कार्ड मिळालं नाही, यावर कोर्टात कोण विश्वास ठेवणार?

"माझ्याकडे बघ," वृंदा मराठीत म्हणाली. "घरच्यांना कसलं कार्ड म्हणाली होतीस. सांग यांना."

सलोनीने खाली पाहिलं. मध्यस्थांनी काय म्हणाल्या म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आंटी को ठीक से याद नहीं है, सर."

सात वर्षांची काकू एका वाक्यात आंटी झाली. वृंदाला फार लागलं ते हेच.

समझोता झाला नाही. खटला चालू आहे, तारखा पडताहेत.

मागच्या रविवारी इंदुमती आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चहा झाला, बस्त्याच्या गप्पा झाल्या. निघताना इंदुमती चप्पल घालत म्हणाली, "तुला काही कार्ड देत नाही बाई. तू घरचीच."

"नको," वृंदा म्हणाली. "मला कार्ड दे."

इंदुमतीचा चेहरा पडला. तीस वर्षांची मैत्रीण, तिने कधी काही वाईट केलं नव्हतं. वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. इंदुमतीने पिशवीतून कार्ड काढलं, दारातच उभं राहून त्यावर वृंदाचं नाव घातलं आणि तिच्या हातात दिलं. वृंदाने ते तिच्यासमोरच उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं.